विकलेला झेल

"बाबा, मी आज एक कॅच विकला."

२०२२ सालच्या पावसाळ्यातला रविवार होता. कांदेपोह्यांच्या बशीतून मान वर न करता आमच्या चिरंजीवांनी हे वाक्य उच्चारले आणि माझ्या हातातला चहा हिंदकळला. पैसे घेऊन झेल सोडणाऱ्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. पण आमचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला. कॉलेजच्या संघातही त्याला कोणी घेत नाही. त्याचा झेल कोण विकत घेणार?

मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. सात-आठ सेकंदांची चित्रफीत होती. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक हवेत झेपावतो, एका हाताने चेंडू टिपतो आणि कोसळतो. खाली एक आकडा : ५०० पैकी ११२. ही चित्रफीत त्याने चारशे रुपयांना घेतली होती आणि अकराशेला विकली होती.

"पण हा झेल तर कोणालाही फुकट पाहता येतो," मी म्हणालो.

"येतो ना. पण तो माझा होता."

"मग या महिन्याचे फोनचे बिल त्या सातशेतून तूच भर," स्वयंपाकघरातून आवाज आला आणि चर्चा तिथेच थांबली. माझ्या डोक्यात मात्र तो 'माझा' शब्द घोळत राहिला, कारण त्या शब्दाशी माझी जुनी ओळख होती.

१९८७ साली मी अकरा वर्षांचा होतो. रिलायन्स विश्वचषक आपल्या अंगणात आला होता. वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीपचे फटके मारमारून आपल्याला उपांत्य सामन्यात घरी पाठवले, ते वर्ष. त्या काळात 'बिगफन' नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे मिळत. गम दोन मिनिटांत बेचव होई, चित्र मात्र वर्षानुवर्षे टिके. आमच्या वाड्याच्या जिन्यावर रोज संध्याकाळी बाजार भरायचा. ज्याची चित्रे ढिगाने निघत तो खेळाडू स्वस्त. जो निघतच नसे त्याच्यासाठी पोरे गोट्यांची पिशवीसुद्धा द्यायला तयार. मागणी-पुरवठ्याचा सिद्धान्त पुढे कॉलेजात शिकलो, तेव्हा त्यात नवे काही वाटले नाही.

मुलाच्या फोनवरचा बाजार हा त्याच जिन्यावरचा बाजार होता. फरक एवढाच, की जिना जगभर पसरला होता आणि गोट्यांच्या जागी रुपये-डॉलर आले होते.

या प्रकाराला खरा बहर आणला तो अमेरिकेतल्या बास्केटबॉलने. 'एनबीए टॉप शॉट' हे दुकान २०२० च्या ऑक्टोबरात सर्वांसाठी खुले झाले. सामन्यातला एक क्षण घ्यायचा, त्याच्या ठरावीक प्रती काढायच्या, प्रत्येक प्रतीला क्रमांक द्यायचा आणि बंद पाकिटातून त्या विकायच्या. पाकिटात काय निघेल ते नशीब. नको असलेले त्याच दुकानाच्या बाजारात दुसऱ्याला विकायचे. विक्रीतले पाच टक्के दुकानाचे. २०२१ च्या फेब्रुवारीत लेब्रॉन जेम्सच्या एका डंकची प्रत दोन लाख आठ हजार डॉलरना गेली. तेव्हाच्या दराने रुपयांत दीड कोटीच्या घरात! मग कोण मागे राहणार? पॅरिसच्या 'सोरारे'ने फुटबॉलपटूंची कार्डे विकून मोठे भांडवल उभे केले. आपल्याकडे 'रारिओ' आली. 'फेझ' या कंपनीने थेट आयसीसीशी करार केला.

विकत घेणाऱ्याला यात नेमके मिळते काय? आपल्याकडच्या वाचकाला हे सातबाऱ्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. ब्लॉकचेन ही एक नोंदवही आहे. तिची प्रत अनेक संगणकांवर असते, त्यामुळे एकट्यादुकट्या तलाठ्याला तिच्यात परस्पर फेरफार करता येत नाही. 'अमुक क्रमांकाची प्रत तमक्याची' एवढी नोंद तिथे होते. ही नोंद आपली. ती आपण दुसऱ्याच्या नावे करू शकतो. पण त्या चित्रफितीचे हक्क लीगकडे किंवा क्रिकेट मंडळाकडेच राहतात. उताऱ्यावर नाव आपले, शेत मात्र दुसऱ्याचे!

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. असल्या लेखात बाप शहाणा आणि मुलगा वेडा असायचा, असा संकेत आहे. आमच्याकडे उलटे झाले. चारशेचे अकराशे झालेले मी डोळ्यांनी पाहिले होते. पुढच्या चार महिन्यांत घरात कोणालाही न सांगता मी तीस हजार रुपयांची कार्डे घेतली. मुदत ठेवीवरच्या व्याजाला नावे ठेवणारा मी काही जगातला पहिला मध्यमवर्गीय नव्हे. मुलगा आवडत्या खेळाडूंची कार्डे घेत होता. मी 'वर जातील' अशी घेत होतो. त्यांतल्या काही खेळाडूंचा मी एकही चेंडू पाहिलेला नव्हता. एकाचे आडनाव तर मला अजून नीट उच्चारता येत नाही.

सुरुवातीला दोन कार्डांवर नफा झाला. तो बँकेत न आणता मी त्याची आणखी पाकिटे घेतली. मग नवीन गिऱ्हाईक येईनासे झाले. माझ्या कार्डांवर किंमत लिहिलेली असे, पण ती मी स्वतःच लिहिलेली असे. आठ हजार, पाच हजार, दोन हजार असे उतरत गेलो, तरी घेणारा नाही. शेवटी त्या बाजारातली खरेदी-विक्री जवळजवळ थंडावली. आज माझे तीस हजार फोनमध्ये सुंदर रंगांत चमकतात. त्यांचे करायचे काय, ते मला माहीत नाही.

नंतर मी वाचत गेलो, तेव्हा कळले की माझी चूक जुनी आहे. फक्त वस्तू नवी होती. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरना विकले गेले. ते एवढे दुर्मीळ कशाने झाले? न खपलेली कार्डे गोदामात धूळ खात पडली होती. १९६० साली ती बोटीत भरून न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बुडवली गेली. उरलेली पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी रद्दीत घातली. कोणी जपली नाहीत, म्हणून ज्या थोड्या जपल्या गेल्या त्यांना मोल आले. याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत घराघरांतून लोकांनी गुंतवणूक म्हणून कार्डांचे खोके भरले. कंपन्यांनीही भरमसाट छापली. ती सगळी जपली गेली आणि म्हणूनच बहुतेकांना आज कोणी विचारत नाही.

डिजिटल कार्ड तर हरवत नाही, फाटत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्याची दुर्मिळता काळाने घडत नाही. कंपनी ती जाहीर करते. पाचशेच प्रती काढू, हा शब्द ती पाळेलही. पण त्याच खेळाडूचा पुढच्या मोसमातला, याहून चांगला झेल काढायला तिला कोण अडवणार? शिवाय दुसरी कंपनीही आहेच. 'रारिओ' आणि काही क्रिकेटपटूंनी खेळाडूंची कार्डे काढणाऱ्या 'स्ट्रायकर' या प्रतिस्पर्धी खेळाविरुद्ध मनाई मागितली, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती दिली नाही. खेळाडूचे नाव आणि त्याच्या धावा-बळींची माहिती सार्वजनिक आहे, ती वापरण्यावर एकाचीच मक्तेदारी नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मला तो पटतो. पण 'आमच्याखेरीज कोणाकडे मिळणार नाही' या भरवशावर पैसे ओतणाऱ्याने तो जरूर वाचावा.

आणि कंपनीच उठली तर? अमेरिकेत 'ड्राफ्टकिंग्स' या बड्या कंपनीने २०२१ मध्ये उघडलेला असा बाजार २०२४ च्या जुलैमध्ये बंद केला. टॉप शॉट चालवणाऱ्या 'डॅपर लॅब्ज'वर ग्राहकांनी दावा लावला होता. या क्षणचित्रांची किंमत कंपनीच्या टिकण्यावर अवलंबून आहे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने २०२३ मध्ये सकृद्दर्शनी ग्राह्य धरला आणि पुढच्या वर्षी चाळीस लाख डॉलरवर तडजोड झाली. माझ्या बबलगमच्या चित्रांना असला घोर नव्हता. गम बाजारातून गेला, तरी चित्र डब्यात राहिलेच.

सरकारचा वाटाही ध्यानात ठेवायला हवा. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे, वर उपकर. खरेदीची किंमत सोडून कसलाही खर्च वजा करता येत नाही, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही. हिशेब करून पाहा. एक कार्ड हजाराला घेऊन तीन हजाराला विकले : नफा दोन हजार. दुसरे पाच हजाराला घेऊन तीन हजाराला विकले : तोटा दोन हजार. तुमच्या मते काहीच कमावले नाही. कायद्याच्या मते तुम्ही पहिल्या दोन हजारांवर सहाशे चोवीस रुपये देणे लागता. आमच्या सीएने हे समजावून सांगितले आणि वर विचारले, "या वयात हे काय सुचले?"

इतके सांगूनही, हा सगळा प्रकार फसवणुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. टपाल तिकिटे जमवणाऱ्याला कोणी वेडे म्हणत नाही. या नव्या कार्डांचे काही गुण खरे आहेत. खरी प्रत कोणती, ती आधी कोणाकडे होती, हे नोंदवहीत दिसते. मुंबईच्या मोठ्या दुकानात न जाता गडहिंग्लजच्या पोरालाही त्यात भाग घेता येतो. म्हणून कोणाच्या घरात हा विषय निघालाच, तर सरसकट 'नाही' म्हणण्याऐवजी मुलांशी चार गोष्टी बोलाव्यात.

पहिली ही, की किती प्रती आहेत आणि कंपनी आणखी काय काढू शकते, ते आधी पाहावे. विक्रेता काय मागतो त्याकडे दुर्लक्ष करून, गेल्या महिन्यात खरोखर कितीला आणि किती वेळा विक्री झाली ते तपासावे. पहिल्या आठवड्यात एखादे स्वस्त कार्ड घेऊन ते विकून पाहावे आणि पैसे बँकेत येतात का, किती कापून येतात, हे पडताळावे. आत जायचे दार मोठे असते; बाहेरचे दार किती रुंद आहे ते आधीच मोजलेले बरे. बंद पाकीट ही सोडत आहे, हे स्वच्छ शब्दांत सांगावे. कार्डांच्या जोरावर पैसे लावून खेळायचे आमिष दिसले, तर तिथून उठावे. असल्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे. खात्याचे गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत, 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तर नाहीच. आणि प्रत्येक व्यवहार वहीत लिहावा. माझी वही असती, तर तीस हजारांचा आकडा मला दहा हजारांवरच दिसला असता.

शेवटची गोष्ट मी मुलाकडून शिकलो. त्याच्याही कार्डांची किंमत माझ्यासारखीच उतरली. पण तो हळहळला नाही. त्याने घेतलेले प्रत्येक कार्ड ज्या सामन्याचे, तो सामना त्याने जागून पाहिलेला होता. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून आपण रडत नाही, तसे. उद्या याला कवडीही आली नाही तरी हे आपल्याजवळ असावेसे वाटेल का, या प्रश्नाला मनापासून 'हो' आले तरच घ्यावे. मी तो प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

या नादात मी गेल्या दिवाळीत माळ्यावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात कपिलदेव होता. एक कोपरा दुमडलेला, मागे बॉलपेनने दुसरीतल्या वळणाच्या अक्षरांत माझ्या धाकट्या भावाचे नाव. ते चित्र त्याचे होते. 'एकाच्या बदल्यात तीन' असे पटवून मी त्याच्याकडून ते घेतले होते आणि कोणाला न ओळखू येणारे तीन खेळाडू त्याच्या हातावर ठेवले होते. दोन दिवसांनी जिन्यावरच्या मुलांनी त्याला खरा भाव सांगितला, तेव्हा तो खूप रडला होता.

मी त्याला नाशिकला फोन केला. कपिल सापडला, घेऊन येतो म्हणालो.

"फुकट नको, दादा," तो म्हणाला. "ते तिघे आहेत माझ्याकडे अजून. येताना घेऊन ये, बदलून घेऊ."