विश्लेषण : हंगाम तीन महिन्यांचा, परवाना बारा महिन्यांचा, हापूसच्या डेटाचा खर्च कुणाच्या माथी?

'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत भलताच आंबा निघाला, ही तक्रार मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला नवी नाही. त्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत आणली. स्टिकरची चर्चा भरपूर झाली. त्यामागे उभ्या राहणाऱ्या डेटाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. तो डेटा सांभाळणारे सॉफ्टवेअर कोणत्या दराने, कोणत्या अटींवर घ्यायचे, यावर बागायतदाराच्या हातात डझनामागे किती रुपये उरतील हे ठरणार आहे.

स्टिकर खरा, पण वही?

या पद्धतीत क्रमांकाचा एक भाग स्टिकरवर दिसतो आणि दुसरा स्टिकर सोलल्यावर खाली सापडतो. ग्राहकाने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की आंबा कुणाचा, कोणत्या गावचा हे कळते. एका बागायतदाराला किती स्टिकर द्यायचे, हे त्याच्याकडे कलमे किती यावरून ठरते. म्हणजे स्टिकरची विश्वासार्हता कलमांच्या नोंदीइतकीच.

ही नोंद ठेवणे सोपे नाही. कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-वीस नावे असतात आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईत राहतात. बाग कसतो एक, ती कराराने घेतलेली असते दुसऱ्याने आणि कागदावर नाव असते तिसऱ्याचे. त्याच कलमांवर दोघांनी स्टिकर मागितले तर द्यायचे कुणाला? नोंद चुकली तर दुरुस्त कोण करणार? आधी काय लिहिले होते, ते कुठे दिसणार? शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि बँक खाते कोण पाहू शकणार?

या प्रश्नांची उत्तरे ठरवून पाळणे म्हणजेच मोठ्या कंपन्यांच्या भाषेतले 'डेटा गव्हर्नन्स', डेटाचा शिस्तशीर कारभार. बँका, विमा कंपन्या आणि कारखाने यासाठी खास सॉफ्टवेअर घेतात. आता तेच प्रश्न, लहान आकारात, देवगड-जामसंड्याच्या सहकारी संस्थेपुढे आहेत. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे दरपत्रक मात्र लहान संस्थेसाठी बनलेले नाही.

किंमत ठरते कशी?

या बाजारात अनेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर दर छापलेलाच नसतो. 'विक्री विभागाशी संपर्क साधा' एवढेच असते. जे दर समोर येतात त्यांचे साधारण तीन प्रकार पडतात. पहिला, माणशी दर : जितके वापरकर्ते तितके परवाने, करार बहुधा वर्षाचा किंवा तीन वर्षांचा. दुसरा, नोंदींवर किंवा वापरावर दर : मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५पासून आपल्या 'परव्ह्यू' या सेवेतील डेटा गव्हर्नन्ससाठी अशी आकारणी सुरू केली. त्यात देखरेखीखाली असलेल्या डेटा-घटकांची रोजची संख्या आणि प्रक्रियेसाठी लागलेली संगणकीय क्षमता मोजली जाते. तिसरा, सगळे मिळून एकगठ्ठा वार्षिक रक्कम.

याशिवाय सॉफ्टवेअर बसवणे, जुन्या नोंदी भरणे, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचे बिल वेगळे येते. लहान संस्थेत हा खर्च परवान्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा होऊ शकतो, कारण नोंदी कागदावर असतात आणि त्या भरायला माणूस लागतो.

देवगडला माणशी दर का परवडत नाही?

देवगडचा मुख्य हंगाम मार्च ते मे असा तीन महिन्यांचा. हापूसचे झाड तर एका वर्षी भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. त्यात अवकाळी पाऊस किंवा फुलकिडे आले की मोहोर गळतो. पिकाचे गणित असे वर-खाली होत असताना परवान्याची रक्कम जागची हलत नाही.

हिशेबापुरते एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या संस्थेने ४० वापरकर्त्यांसाठी माणशी महिना १,००० रुपये दराने वर्षाचा करार केला. रक्कम झाली ४ लाख ८० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५ लाख ६६ हजार ४००. चांगल्या वर्षी संस्थेमार्फत एक लाख डझन आंबा गेला तर डझनामागे साधारण ५ रुपये ६६ पैसे पडतात. पीक चाळीस हजार डझनांवर आले तर तोच खर्च १४ रुपये १६ पैशांवर जातो. ज्या वर्षी बागायतदार अडचणीत, त्याच वर्षी त्याच्यावरचा बोजा अडीचपट. शिवाय हंगामाबाहेरच्या नऊ महिन्यांचे सव्वाचार लाख रुपये जवळजवळ न वापरलेल्या सेवेचे.

तेच सॉफ्टवेअर फळामागे ४० पैसे दराने घेतले तर डझनामागे कराआधी ४ रुपये ८० पैसे होतात आणि पीक कमी आले तरी हा आकडा बदलत नाही. धोका वाटून घेतला जातो : पीक कमी तर विक्रेत्याचे उत्पन्नही कमी. या पद्धतीतही खोट आहे. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या फळांनाच स्टिकर लावायचे आणि बारीक आंबा तसाच बाजारात सोडायचा, हा मोह होणारच. पण तो संस्थेच्या नियमाने आवरता येतो. निश्चित वार्षिक परवान्याचा भार नियमाने कमी होत नाही.

कराचा फटका

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. हे ग्राहकाच्या सोयीचे आहे, पण विकलेला माल करमुक्त असला की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. वाहननिर्मिती कारखाना सॉफ्टवेअरवरचा १८ टक्के कर आपल्या देण्यातून वळता करून घेतो. ताजा आंबा विकणाऱ्या संस्थेला तो खर्चातच धरावा लागतो. एकाच दरपत्रकावर सही केली तरी देवगडच्या संस्थेला सॉफ्टवेअर कारखान्यापेक्षा महाग पडते. दोन दरपत्रकांची तुलना करताना करासह रक्कम पाहायला हवी ती यासाठी.

मानांकन स्वस्त, पुरावा महाग

कोकणच्या हापूसला ऑक्टोबर २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन चार संस्थांच्या नावे आहे : दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था, कोकण हापूस आंबा उत्पादक आणि उत्पादक विक्रेता सहकारी संस्था आणि केळशी परिसर आंबा उत्पादक सहकारी संघ. बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येते. त्यासाठीचे अर्जशुल्क केंद्राने २०२०मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले. लहान शेतकऱ्याला दार उघडे असावे, हा त्यामागचा हेतू.

आता नाव नोंदवायला १० रुपये आणि आंबा आपलाच आहे हे दरवर्षी सिद्ध करायला हजारो, अशी वेळ आली तर ते दार पुन्हा बंद होईल. चार-पाचशे कलमांचा बागायतदार खर्च सोसेल. पंचवीस-तीस कलमांचा मालक स्टिकरशिवाय दलालाकडे जाईल आणि अस्सल देवगड आंबा बिननावाचा विकला जाईल.

अडीचशे कोटींची भीती कितपत खरी?

विक्रेते हल्ली आणखी एक मुद्दा पुढे करतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे. चुकीचे गांभीर्य पाहून रक्कम ठरते.

शेतकऱ्यांचे मोबाइल, आधार आणि बँक तपशील ठेवणाऱ्या संस्थेने हा कायदा गांभीर्याने घ्यायलाच हवा. पण कायदा विशिष्ट सॉफ्टवेअर घ्या असे सांगत नाही. माहिती कशासाठी घेतली ते सांगा, गरजेपुरतीच घ्या, सुरक्षित ठेवा, मागितल्यास दुरुस्त करा किंवा काढून टाका, हे तो सांगतो. यातले बरेचसे काम शिस्तीचे आहे. आधारच्या झेरॉक्स प्रती कपाटात साठवणे थांबवायला परवाना लागत नाही.

फुकटचे सॉफ्टवेअर चालेल?

अपाचे अ‍ॅटलस, ओपनमेटाडेटा यांसारखी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर परवानाशुल्काविना मिळतात. ती चालवायला सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. असा माणूस देवगडमध्ये टिकवणे एकट्या संस्थेला जड आहे. चार संस्थांनी मिळून ठेवणे शक्य आहे.

सामाईक सॉफ्टवेअरचे उदाहरण सहकारातच आहे. केंद्राने जून २०२२मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सरासरी काढली तर संस्थेमागे सुमारे चार लाख. प्रत्येक विकास सोसायटीने आपापला विक्रेता शोधण्याऐवजी नाबार्डमार्फत एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर, ही त्यामागची कल्पना. हापूसच्या नोंदीसाठी तोच मार्ग योग्य ठरतो. मानांकनधारक चौघांनी एक सामाईक नोंदवही ठेवली आणि दराची बोलणी एकत्र केली, तर विक्रेत्यासमोर त्यांचे वजन वाढेल.

करारात काय हवे?

दर फळामागे किंवा पेटीमागे असावा आणि त्याला वार्षिक कमाल मर्यादा असावी. नूतनीकरणाची दरवाढ आधीच लिहून घ्यावी. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची सक्ती केली, तेव्हा जगभरच्या मोठ्या ग्राहकांचीही पंचाईत झाली. जिथे त्यांचे चालले नाही, तिथे तालुक्याच्या संस्थेचे काय चालणार? तिसरी अट सर्वात महत्त्वाची : कलमांच्या, स्टिकरच्या आणि पडताळणीच्या नोंदी संस्थेच्या मालकीच्या असाव्यात आणि करार संपल्यावर त्या वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळाव्यात. ही अट नसेल तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जाताना इतक्या वर्षांचा पुरावा मागेच राहील.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. मोहोर त्यानंतर येतो. डेटाचा दर आणि अटी सभासदांपुढे मांडायला हीच वेळ आहे. पेट्या भरायला लागल्यावर विक्रेता सांगेल तो दर मान्य करण्यावाचून पर्याय राहत नाही.