ड्रोन उडवायला पदवी लागत नाही. पण फी भरण्याआधी एकर मोजा

चाळिशी-पन्नाशीत नवं तंत्र शिकून कमाई करायची म्हटलं, की "डिग्री कुठंय?" हा प्रश्न आडवा येतो. शेतीतल्या ड्रोनच्या कामात तो येत नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार पायलटचं प्रमाणपत्र मिळवायला वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. दहावी राहिली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते.

कामाची गरजही खरी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते कुणी विसरलेलं नाही. पाठीवर पंप घेऊन फवारायला आता माणूस मिळत नाही. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन साधारण दहा मिनिटांत एकर उरकतो आणि चालवणारा औषधापासून लांब उभा राहतो.

मग अडतं कुठं? प्रमाणपत्र हा उडवण्याचा परवाना आहे, रोजगाराची हमी नाही. शिकून आल्यावर एकतर दुसऱ्याच्या ड्रोनवर रोजानं जायचं, नाहीतर स्वतःचा घ्यायचा. घ्यायचा तर भांडवल आलं आणि इथं पदवी मागच्या दारानं आत येते. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या अनुदान नियमांत अवजार बँक काढणाऱ्या कृषी पदवीधराला ड्रोनच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख धरले. दहावी पास ग्रामीण उद्योजकाला ४० टक्के, कमाल ४ लाख. महिला बचत गटांची बाजू मात्र भक्कम आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार गटांसाठी ८० टक्के, कमाल ८ लाख अनुदान आणि एका सदस्याला १५ दिवसांचं प्रशिक्षण ठरलं.

आता हिशेब. जादा बॅटऱ्या असल्या, तर दिवसाला २० एकर होतील, असं सरकारनंच त्या योजनेत धरलं आहे. समजा एकरी ४०० रुपये मिळाले, तर दिवसाचे ८ हजार. आकडा मोठा दिसतो. पण पाऊस, वारा, तुकड्या-तुकड्यांची रानं, वरून गेलेल्या विजेच्या तारा धरल्या, तर वर्षात असे भरलेले दिवस किती? ४० धरले, तर ३ लाख २० हजार. त्यातून बॅटऱ्या, गाडी, मदतनीस, दुरुस्ती, विमा आणि कर्जाचा हप्ता जायचा. २० दिवसच मिळाले, तर निम्म्यावर येतं; हप्ता मात्र निम्मा होत नाही.

वयाची बाजू इथं उलट पडते. बटणं विशीतला पोरगा लवकर शिकेल. पण कपाशीवर बोंडअळी कधी येते, वारा कुठल्या बाजूचा आहे, शेजारच्या तुतीवर औषध गेलं तर रेशीमवाल्याचं काय होईल, हे ज्यानं वीस वर्षं शेती केली त्याला सांगावं लागत नाही. बांधावरची ओळखही त्याचीच. गिऱ्हाईक विश्वासावर येतं आणि तो फीमध्ये मिळत नाही.

म्हणून फी भरायच्या आधी चार गोष्टी कराव्यात. संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का, ते स्वतः बघावं. पत्रकावरचा शिक्का पुरावा नव्हे. "नोकरी लावून देतो" म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावं. अनुदान आज कुठलं चालू आहे, हे तालुका कृषी कार्यालयात विचारावं. आणि आसपासच्या पाच गावांत ऊस, कपाशी, सोयाबीन मिळून किती एकरवाले पैसे देऊन ड्रोन बोलावतील, ते घरोघर जाऊन वहीत लिहावं.

वही भरली, तर वय आड येणार नाही. वही रिकामी राहिली, तर ड्रोन पत्र्याखाली धूळ खाईल आणि बँकेची नोटीस तेवढी वेळेवर येईल.