हेलकावे, गचके आणि आठ हजार डॉलर

आलिशान एसयूव्हीच्या ऐच्छिक सुविधांच्या यादीत ॲक्टिव्ह सस्पेन्शन ही सर्वांत महागड्या नोंदींपैकी एक असते. मर्सिडीज-बेंझच्या जीएलईवर अमेरिकेत २०२०च्या सुमारास ‘ई-ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल’साठी सुमारे आठ हजार डॉलर जादा पडत. त्याच यादीत एअर सस्पेन्शन दोन हजारांच्या आत मिळे. मधल्या सहा हजारांत काय पदरात पडते हे पाहण्याआधी प्रकार वेगळे करावे लागतात, कारण शोरूममध्ये ते सगळे एकाच दमात सांगितले जातात.

साध्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग वजन पेलते आणि शॉक अब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. अडॅप्टिव्ह प्रकारात शॉक अब्सॉर्बरचा कडकपणा रस्ता पाहून क्षणाक्षणाला बदलतो. एअर सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे येतात आणि गाडीची उंची कमी-जास्त करता येते. हे तिन्ही प्रकार आलेला धक्का जिरवतात; चाकाला जोर लावून खाली दाबणे किंवा वर ओढून घेणे त्यांच्या आवाक्यात नाही. फुग्यात हवा भरून गाडी उंच होते खरी, पण त्याला काही सेकंद लागतात आणि खड्डा तेवढा थांबत नाही. खऱ्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनमध्ये पंप किंवा मोटर प्रत्येक चाकावर स्वतः बळ लावते, म्हणून गाडीचा सांगाडा हलण्याआधीच सावरता येतो.

ही कल्पना शर्यतीतून आली. १९८७ मध्ये आयर्टन सेनाने ॲक्टिव्ह सस्पेन्शनच्या लोटसवर मोनॅको जिंकले, १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल विल्यम्सच्या एफडब्ल्यू१४बीवर जगज्जेता झाला आणि १९९४च्या हंगामापासून फॉर्म्युला वनने या तंत्रावर बंदीच घातली. रस्त्यावरच्या मोटारींत ते रुळायला मात्र वेळ लागला. मर्सिडीजने १९९९च्या सीएल कूपेत तेलाच्या दाबावर चालणारी प्रणाली दिली. स्पीकरसाठी प्रसिद्ध असलेल्या अमर बोस यांनी १९८० पासून विद्युतचुंबकीय सस्पेन्शनवर काम केले आणि २००४ मध्ये ते जगापुढे ठेवले. पण वजन आणि किमतीमुळे ते एकाही विक्रीच्या मोटारीत पोहोचले नाही. चित्र पालटले ते ४८ व्होल्टच्या विद्युतप्रणालीमुळे. इंजिनवर सतत फिरणाऱ्या एका मोठ्या पंपाऐवजी चाकापाशीच छोटी मोटर-पंप जोडी बसवता आली. जीएलईची प्रणाली याच जातीची आहे.

एसयूव्हीला या खर्चाचे काही समर्थन आहे, ते तिच्या उंचीत. वजन वर असल्याने वळणावर ती कलते. कल रोखायला डावे-उजवे चाक जोडणारा अँटी-रोल बार जाड करावा लागतो. मग एकच चाक खड्ड्यात गेले तरी दांडा तो हिसका दुसऱ्या बाजूला पोहोचवतो, सांगाडा आडवा झोके घेतो आणि प्रवाशांची डोकी डावी-उजवीकडे फेकली जातात. दांडा बारीक ठेवला तर डोकी शांत राहतात, पण वळणावर गाडी झुकते. साध्या रचनेत यातले एकच साधते. ॲक्टिव्ह सस्पेन्शन सरळ रस्त्यावर दोन्ही बाजू मोकळ्या सोडते आणि वळण आले की कल रोखते. तुटक्या कडांच्या, एका बाजूनेच उखडलेल्या रस्त्यावर हा फरक मागच्या सीटवर लगेच कळतो. बाकी करामती, म्हणजे मोटारसायकलस्वारासारखे वळणाच्या आत झुकणे किंवा वाळूत रुतल्यावर गाडीने उठाबशा काढणे, जाहिरातीत जास्त आणि वापरात कमी दिसतात.

फक्त कल रोखणारा मधला पर्यायही आहे. ऑडीने २०१६च्या एसक्यू७मध्ये अँटी-रोल बार मधोमध तोडून तिथे ४८ व्होल्टची मोटर बसवली. पोर्शे आणि रेंज रोव्हरनेही अशा प्रणाली दिल्या आहेत. वरच्या कोंडीची बरीचशी सोडवणूक एवढ्यानेच होते. त्यामुळे यादीत हा पर्याय स्वतंत्रपणे मिळत असेल तर आधी त्याचा विचार करावा.

पैसे कुठे वाया जातात तेही पाहावे. सांगाड्याचे मोठे हेलकावे सेकंदाला एक-दोन या गतीचे असतात आणि ॲक्टिव्ह सस्पेन्शन त्यांत तरबेज असते. मर्सिडीजच्या १९९९च्या प्रणालीची मर्यादा सेकंदाला पाच हालचालींपर्यंत होती. खडबडीत डांबराची थरथर आणि काँक्रीटच्या सांध्यांचे टकटक गचके याहून कितीतरी जलद असतात. ते बव्हंशी टायर आणि रबरी बुश यांच्यावर अवलंबून असतात. २७५/५० मापाच्या २० इंची टायरची भिंत सुमारे १३८ मिलिमीटर उंच असते, २८५/४० मापाच्या २२ इंची टायरची ११४. चोवीस मिलिमीटर रबर आणि हवा गमावून वर आठ हजार डॉलरचे सस्पेन्शन घेणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे. छोटी चाके निवडायला बहुधा जादा पैसेही लागत नाहीत.

रस्ता आधीच पाहणाऱ्या कॅमेऱ्यावरही फार विसंबू नये. मर्सिडीजच्या २०१३च्या एस-क्लासमधला पहिला कॅमेरा सुमारे १५ मीटर पुढचे पाही, तोही दिवसा आणि ताशी १३० किलोमीटरपर्यंत. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि पावसाळ्यात नेमके तेच खड्डे छळतात.

खर्चाची दुसरी बाजू वॉरंटी संपल्यावर उघडते. एअर सस्पेन्शनचे फुगे आणि कॉम्प्रेसर काळाने झिजतात, हे नेहमीचेच. ॲक्टिव्ह प्रणालीत त्यावर पंप, झडपा, सेन्सर आणि तेलाच्या नळ्या यांची भर पडते आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात त्यांना हात लावणारा सापडत नाही. जुन्या गाडीचा गिऱ्हाईक या सुविधेचे वेगळे पैसे फारसे मोजत नाही. उलट दुरुस्तीच्या भीतीने भाव पाडून मागतो.

भारतात निवड आणखी अरुंद होते. जीएलई पुण्याजवळ चाकणला जोडली जाते, पण इथे जुळणी होणाऱ्या आलिशान गाड्या बहुतेक ठरावीक व्हेरियंटमध्येच येतात. पूर्ण आयात गाडीवर सीमाशुल्क सुविधांसह संपूर्ण मूल्यावर लागते, त्यामुळे परदेशी यादीतला आकडा इथे फुगून येतो.

निर्णय टेस्ट ड्राइव्हवर सोडावा, पण ती नीट घ्यावी. ॲक्टिव्ह सस्पेन्शनची आणि त्याविनाची अशा दोन्ही गाड्यांची चाके एकाच मापाची असावीत, रस्ता शोरूमसमोरचा नव्हे तर रोजचा असावा आणि घरात ज्याला गाडी लागते त्याला मागे बसवावे. गाडी वॉरंटीतच विकायची असेल, वाट वळणांची आणि उखडलेली असेल आणि मागे बसणाऱ्यांना फरक खरोखर जाणवला असेल, तर पैसे मोजायला हरकत नाही. आठ-दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याने अडॅप्टिव्ह शॉक अब्सॉर्बरसह एअर सस्पेन्शन आणि लहान चाके घ्यावीत.