जवानाच्या उसाची पाळी



डिसेंबर म्हणजे आपल्या हंगामाची ऐन धामधूम. गव्हाणीत रात्रंदिवस ऊस पडतोय, वजनकाट्यापुढे वाहनांची रांग लागली आहे आणि जो तो आपल्या तोडीची पाळी कधी येणार याच्या चौकशीत आहे. या गडबडीत १४ डिसेंबर ही तारीख येते आणि निघून जाते. फार थोड्यांना तिची आठवण राहते. आम्हांस यंदा तिच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. या तारखेचा आपल्या उसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

पंजाबात लुधियाना जिल्ह्यात इसेवाल नावाचे शेतकऱ्यांचे गाव आहे. तिथला निर्मलजीत सिंग सेखों हा तरुण ४ जून १९६७ रोजी हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाला. वडीलही हवाई दलातच होते. पोरगा उंचापुरा, मनमिळाऊ. भेटेल त्याला ‘ब्रदर’ म्हणायचा, म्हणून सोबत्यांनी त्याचेच नाव ‘ब्रदर’ पाडले. १९७१ साली त्याचे लग्न झाले आणि त्याच सालच्या ३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध पेटले. त्या वेळी त्याची नेमणूक श्रीनगरला, १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवलेली नव्हती. युद्धाला तोंड लागले तेव्हाच ती तिथे गेली. म्हणजे या वैमानिकांना ना त्या डोंगरदऱ्यांची माहिती, ना त्या उंचीची सवय. त्यात काश्मीरचा हिवाळा. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पाणी पाजायला गेले तर हाताची बोटे वाकत नाहीत. तिथली थंडी कशी असेल याचा ज्याने त्याने अंदाज करावा.

१४ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर विमाने श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली. सेखों आणि त्याचे वरिष्ठ साथीदार फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन हे दोघे उड्डाणाच्या तयारीत होते. विमाने बेंगळूरच्या कारखान्यात तयार झालेली नॅट जातीची, अगदी छोटी. घुम्मन पुढे निघाले. सेखों मागे होता, तोवर धावपट्टीवर बाँब पडू लागले. धुरळा उठला. थांबला असता तर कोणी त्याला नाव ठेवले नसते. पण तो थांबला नाही. बाँब पडत असतानाच त्याने विमान वर काढले आणि लागलीच दोन सेबरांच्या मागे लागला.

पुढे धुक्यात घुम्मन यांची आणि त्याची चुकामूक झाली. सेखों एकटा पडला. परमवीर चक्राच्या मानपत्रात नमूद आहे की त्याने एका सेबरवर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली. मग बाकीची विमाने आपल्या सोबत्यांच्या मदतीला धावली. चौघांविरुद्ध एक अशी ती लढाई झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर चालली. अखेर त्याचे विमान कोसळले. पण विमानतळ वाचला. त्याच्याशी लढलेल्यांनीही पुढे त्याच्या उड्डाणाची तारीफ केली. शत्रूने तारीफ करावी, यापरते मोठे प्रमाणपत्र कोणते?

विमानाचे अवशेष एका घळीत सापडले. त्याचा देह मात्र शोध घेऊनही मिळाला नाही. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शत्रू शरण आला आणि देशभर पेढे वाटले गेले. इसेवालच्या घरात मात्र शेवटचे दर्शनही कोणाला झाले नाही.

सेखोंला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आजवर हा मान मिळालेला तो हवाई दलातला एकटाच. पुढे एका तेलवाहू जहाजाला त्याचे नाव दिले गेले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावे दिली, त्यातले एक सेखोंचे. सरकारने आपले काम केले. प्रश्न आपला आहे.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावागावांतून पोरे सैन्यात आहेत. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला कार्यस्थळावर झेंडा लागतो, आपण ‘जय जवान, जय किसान’ म्हणतो आणि पेढा तोंडात टाकून घरी जातो. पण ज्या घरातला कर्ता पोरगा सीमेवर आहे, त्या घरच्या उसाचे काय होते ते पाहिलेय का कोणी? घरी म्हातारा एकटा. गट कार्यालयात खेटे घालायला अंगात बळ नाही. टोळीला खुशाली द्यायला हात आखडतो. नोंद वेळेवर असूनही शेजारच्या फडाला कोयता लागतो आणि याचा ऊस उभाच. तुरा येतो, पोकळी पडते, वजन घटते. म्हातारा पोराला फोनवर सांगतो, “सगळं बरं हाय, तू काळजी करू नको.” असा बाप आम्ही पाहिला आहे. तुम्हीही पाहिला असेल.

काही सभासद म्हणतील, नियम सर्वांना सारखा असावा, लागण तारखेप्रमाणे तोड व्हावी, जवानाला वेगळी सवलत कशाला? आमचेही म्हणणे तेच आहे. आम्ही पाळीच्या पुढची तोड मागत नाही. हक्काची पाळी हुकू नये, एवढेच मागतो. भांडायला घरात माणूस नाही म्हणून कोणाची पाळी मागे सरकत असेल, तर तो नियम सारखा कसा?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गटात सैनिक आणि शहीद कुटुंबांच्या उसाची वेगळी यादी ठेवावी. त्यांच्या तोडीची जबाबदारी शेती विभागाच्या एका नेमक्या माणसावर टाकावी. या घरांकडून टोळीने खुशाली घेऊ नये. यात कारखान्याला पैशाचा खर्च नाही, फक्त लक्ष घालायचे आहे.

सेखों बाँब पडत असताना पुढे गेला, तेव्हा त्याच्या घरच्या शेतीकडे कोणी बघेल की नाही, हे त्याने विचारले नसणार. ते न विचारताच बघणे हे मागे राहिलेल्यांचे काम. येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडण्याचा आमचा विचार आहे. पटत असेल तर हात वर करा. नसेल पटत तर उठून कारण सांगा. गप्प मात्र बसू नका.