सहा खटले, एक आरोपी: अमेरिकेतल्या एका पॉडकास्टने काय शोधून काढलं?

अदनान सय्यद हे नाव आपल्यातल्या बऱ्याच घरांत ऐकलेलं आहे. बाल्टिमोरजवळ राहणारा, पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातला मुलगा. त्याच्याच शाळेत शिकणाऱ्या, पूर्वी त्याची मैत्रीण असलेल्या हे-मिन ली हिच्या खुनाच्या आरोपाखाली 1999 मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी जन्मठेप झाली. जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकिलांनी तो पाकिस्तानात पळून जाईल अशी भीती घातली होती. 2014 मध्ये ‘सीरियल’ या पॉडकास्टने 12 भागांत हा खटला पुन्हा उलगडला आणि तो जगभर गाजला. (पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओसारखा कार्यक्रम, एवढं समजलं तरी पुरे.)

आपल्याकडे या खटल्याची चर्चा ‘आपल्या पोरावर जुलूम झाला’ अशा सुरात होते. प्रत्यक्षात प्रकरण इतकं सरळ नाही. 2022 मध्ये शिक्षा रद्द होऊन अदनान बाहेर आला, 2023 मध्ये वरच्या कोर्टाने दोषी ठरवणारा निकाल पुन्हा लागू केला. मार्च 2025 मध्ये न्यायाधीशांनी भोगलेली कैद पुरेशी मानून त्याला मोकळं ठेवलं, पण कागदावर तो आजही दोषी आहे. शिवाय या सगळ्या गाजावाजात ली हिच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न तिच्या भावाने कोर्टात उभा केला, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. त्यांच्या मुलीचा खून लाखो लोकांसाठी गाडी चालवताना ऐकायचं कोडं बनला होता.

म्हणून आमचं मत विचाराल तर, इन्साफासाठी पॉडकास्ट काय करू शकतं हे बघायचं असेल तर अदनानपेक्षा कर्टिस फ्लॉवर्स यांचं प्रकरण ऐकावं. ते मुसलमान नाहीत, कदाचित म्हणूनच आपल्यात त्यांचं नाव फारसं पोचलं नाही.

मिसिसिपी राज्यातलं विनोना हे सुमारे 5000 वस्तीचं गाव. त्यात निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय. 16 जुलै 1996 ला तिथल्या एका फर्निचरच्या दुकानात मालकीण आणि तिघे कामगार गोळ्या घालून मारले गेले. फ्लॉवर्स यांनी त्या दुकानात थोडे दिवस काम केलं होतं. त्यांना पकडलं आणि एकाच गुन्ह्यासाठी त्यांच्यावर एकदा नाही, सहा वेळा खटला चालला. सहाही वेळा सरकारी वकील एकच, डग एव्हान्स. पहिल्या तीन खटल्यांत फाशीची शिक्षा झाली आणि तिन्ही वेळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चौथ्या आणि पाचव्या वेळी ज्युरीचं एकमत झालं नाही. 2010 मध्ये सहाव्यांदा पुन्हा फाशी.

ज्युरी म्हटलं की आपल्याला मुंबईचा नानावटी खटला आठवतो. आपल्याकडे ती पद्धत केव्हाच गेली. अमेरिकेत मात्र आजही गावातले 12 सामान्य नागरिक बसून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवतात. त्यांची निवड होताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही नावं कारण न देता वगळता येतात. फक्त वंशाकडे बघून वगळायला 1986 पासून मनाई आहे. खरी मेख इथेच आहे.

‘इन द डार्क’ या पॉडकास्टच्या मॅडलिन बॅरन आणि त्यांचे सहकारी मिसिसिपीत जाऊन राहिले, जवळपास वर्षभर. ज्यांच्या साक्षीवर खटला उभा होता अशा एकेका माणसाच्या दारात ते गेले. कोर्टांच्या दप्तरातली हजारो जुनी पानं काढून त्यांनी 26 वर्षांतल्या ज्युरी निवडीचा हिशोब मांडला. निघालं काय? एव्हान्स यांच्या कार्यालयाने गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांना साडेचार पटीच्या आसपास जास्त वेळा वगळलं होतं. दुसरीकडे, फ्लॉवर्स यांनी तुरुंगात आपल्याजवळ गुन्हा कबूल केला अशी साक्ष देणारा कैदी पॉडकास्टवर म्हणाला की ती साक्ष बनावट होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जून 2019 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती शिक्षा रद्द केली, ती पॉडकास्ट ऐकून नव्हे. वकिलांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या अपिलावर आणि कोर्टाच्याच नोंदींवर तो निकाल आला. निकालपत्रातला एक हिशोब आम्हाला फार बोलका वाटला. सहाव्या खटल्यात सरकारी बाजूने वगळलेल्या पाच कृष्णवर्णीयांना मिळून 145 प्रश्न विचारले गेले, आणि निवडलेल्या 11 गोऱ्यांना मिळून फक्त 12. सहा खटल्यांत मिळून ज्या 42 कृष्णवर्णीयांना वगळणं शक्य होतं, त्यातल्या 41 जणांना वगळलं होतं.

पॉडकास्टचा उपयोग झाला तो त्याच्या पुढे. सातवा खटला उभा करणं अवघड झालं, कारण साक्षीदार एकतर मेलेले किंवा जबानी फिरवलेले. सप्टेंबर 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले. जवळजवळ 23 वर्षांच्या कैदेबद्दल राज्याने पाच लाख डॉलर भरपाई कबूल केली, वर्षाला 50 हजार याप्रमाणे. कायद्यात त्याहून जास्त बसत नाही म्हणे! एव्हान्स मात्र 2023 मध्ये राजीनामा देईपर्यंत पदावर होते.

याच मंडळींनी पुढे ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात जाऊन इराकमधल्या हदीथा गावाचा विषय घेतला. 19 नोव्हेंबर 2005 ला तिथे अमेरिकी मरीन सैनिकांनी 24 इराकी नागरिक मारले, त्यात बायका होत्या, लेकरं होती. या हत्यांसाठी एकालाही तुरुंगवास झाला नाही. लष्कराने दाबून ठेवलेले फोटो मिळवायला या पत्रकारांनी कोर्टात दावा लावला. फोटो उघड व्हावेत म्हणून मृतांच्या नातेवाइकांनी स्वतः सह्या दिल्या. 2024 मध्ये ते छापले गेले आणि 2025 मध्ये या मालिकेला पुलित्झर पुरस्कार मिळाला. फ्लॉवर्स यांच्या वेळी वापरलेली पद्धतच इथे कामी आली: कागद मागायचे, दारोदार जायचं, साक्ष दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहायची. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर हदीथासारख्या घटनांचे फोटो तारखेशिवाय, गावाच्या नावाशिवाय फिरतात आणि मग कोणीही उठून ‘हे खोटं आहे’ म्हणू शकतो.

दोन्ही मालिका इंग्रजीत आहेत, मोबाईलवर फुकट ऐकता येतात. फ्लॉवर्स यांची कहाणी दुसऱ्या सीझनमध्ये आहे, हदीथाची तिसऱ्यात. दहावीच्या पुढच्या मुलामुलींना दुसरा सीझन जरूर ऐकवा. इंग्रजी संथ आणि स्पष्ट आहे, अडेल तिथे थांबवून मागे नेता येतं. तिसरा मात्र आधी मोठ्यांनी ऐकावा, मग ठरवावं. त्यातली काही वर्णनं लहानांसाठी नाहीत.