निविदेत नसलेला खर्च

करजण तालुक्यातील नर्मदाकाठचे नारेश्वर कोकणवासीयांस परके नाही. मूळच्या कोकणी घराण्यातील रंगावधूत महाराजांची ती तपोभूमी. त्याच तालुक्यातून आता दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग जात आहे. रस्त्यांस आमचा विरोध नाही. परंतु काँक्रीटची वाळू नदीच्या पात्रातून आणि भरावाची माती शेतांतून उचलली, तर त्या हानीचा आकडा कोणत्या निविदेत असतो?

सर्वांत कमी दर भरील त्यास काम, हा सरकारी बांधकामाचा रूढ दंडक. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने विशेष कामांत गुणवत्तेस तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. ती ऐच्छिकच आहे. रस्त्यांच्या भरावात औष्णिक केंद्रांची राख वापरण्याचे नियम तर १९९९ पासूनचे. मात्र कंत्राटदार निवडून झाल्यावरची अट शिथिल करता येते. निवडीचाच निकष तसा टाळता येत नाही. नेदरलँड्समध्ये कार्बन घटविण्याची हमी देणाऱ्याची बोली तुलनेपुरती कमी धरतात, आणि हमी मोडल्यास दंड करतात.

आपल्याकडेही पर्यावरणास निविदेतच गुण हवेत. अन्यथा स्वस्त ठरलेल्या रस्त्याचे उरलेले देणे नदी आणि शेतकरी फेडीत राहतील.