समुपदेशक घडवायचा कुठे?

‘ताई, यांना न सांगता चहातून गोळी दिली तर चालेल ना?’ व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने उतरलेल्या विद्यार्थिनीला हा प्रश्न आज ना उद्या ऐकावाच लागतो. गोळी डायसल्फिरामची. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीवही जातो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. पुस्तकात हे दोन ओळींत आटोपते. पण समोर बसलेल्या बाईला नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. तिने मार खाल्लेला असतो, घरातले किडुकमिडुक विकले गेलेले असते आणि त्या गोळीवर तिची सगळी भिस्त असते. तिला धोका समजावायचा, तिच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे बघायचे, नवऱ्याला उपचारांपर्यंत कसे आणता येईल याचा तिच्यासोबत बसून विचार करायचा. हे कोणत्या तासाला शिकवतात?

यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग याच प्रश्नासाठी आहे. व्यसनमुक्ती, मानसिक आरोग्य आणि गाव-वस्तीतली आरोग्यसेवा यांसाठी लागणारी माणसे आपली महाविद्यालये कशी तयार करतात, ते आम्हाला पाहायचे होते.

गरज केवढी आहे, हे वेगळे सांगायला नको. ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले, की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळाले होते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सांगितले. निर्देश उत्तमच. पण एवढी माणसे आणायची कुठून?

शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. आजची ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबईत 1936 मध्ये सुरू झाली, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था 1963 पासून आहे. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय एमएसडब्ल्यूला घेता येतो. तरी आमचे मत स्पष्ट आहे: वर्गात शिकवतात त्यातले बरेचसे इंग्रजी पुस्तकांतून येते आणि फील्डवर्क पुष्कळदा अहवालाच्या वहीत संपते. जालन्याच्या शेतकऱ्याला ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असे सांगून काही पोचत नाही. तो म्हणतो, ‘जीव लागत नाही, कशातच राम वाटत नाही.’ तिथून बोलणे पुढे न्यायला शिकावे लागते, आणि ते मराठीतच शिकावे लागते.

खरे शिक्षण कसे असते, याचे धडे आपल्याच मातीत आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या कमी शिकलेल्या, काही निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढच्यांच्या मदतीला उभी राहिली. गोव्यात ‘संगाथ’ने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. नैराश्य आणि दारूच्या समस्येवर त्यांच्या कामाचा उपयोग होतो, हे चाचण्यांनी दाखवले आणि ते निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हे समुपदेशक आपल्या बैठकींचे ध्वनिमुद्रण एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत. कुठे घाई झाली, कुठे समोरच्याचे बोलणे तोडले, कुठे उगाच उपदेश झाला, हे कानांनी कळते. आपल्या कोणत्याही महाविद्यालयाला हे उद्यापासून, रुग्णाची परवानगी घेऊन, करता येईल. त्यासाठी एक मोबाइल आणि एक रिकामी खोली पुरे.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आमची मागणी एवढीच आहे. अनुभवातून शिकलेल्या कार्यकर्त्यांना, आशाताईंना, वर्षानुवर्षे दारूपासून दूर राहिलेल्या माणसांना वर्गात पाहुणे म्हणून नको, मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवा. मराठीत पुस्तके लिहून घ्या. प्रत्यक्ष बैठकींना लेखी परीक्षेइतकेच गुण ठेवा.

आणि वाचकहो, सणाच्या दिवसांत घरातले कुणी पिण्यात किंवा मनाच्या दुखण्यात बुडाले असेल, तर लपवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.